नाल्याच्या मॅडमचा कोरडा हौद

नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत बसून ती एकोणीस वर्षं नाले काढत होती. कागदावर, अर्थात. शहरातला एकही रस्ता असा नव्हता की ज्याच्या पोटातून तिनं आखलेल्या उतारानं पाणी गेलं नाही. लोक तिला नाल्याच्या मॅडम म्हणत. तोंडावर नुसतं मॅडम. तिला दोन्ही चालायचं. नाला नीट वाहत असला की त्याची आठवण कुणाला येत नाही, आणि तुंबला की आधी त्याचा उद्धार होतो आणि मग तिचा, हे तिनं कधीच पचवलं होतं.

त्यामुळे "स्केटपार्क : विस्तार व सुधारणा" असं लिहिलेली फाईल टेबलावर आली तेव्हा शिपायानं खोली चुकवली असंच तिला वाटलं. फाईल घेऊन ती मुख्य अभियंत्यांकडे गेली.

"साहेब, हे माझं नाही."

"तिथं पाणी साचतं का?" साहेबांनी मान वर न करता विचारलं.

"पावसात साचतं."

"मग तुमचंच," साहेब म्हणाले आणि फोनला लागले.

शनिवारी सकाळी ती जागा बघायला गेली. अकरा वर्षांपूर्वी कुणीतरी दोन बॅडमिंटन कोर्टांएवढा कोबा करून त्यावर समोरासमोर दोन उतार आणि मध्ये एक लोखंडी दांडा बसवून दिला होता. आता कोब्याला भेगा पडल्या होत्या, आणि त्या भेगांवरून दहा जण चाकं लावलेल्या फळीवर उभं राहून सुसाट सुटले होते. तीस जण काखेत फळ्या मारून पाळीची वाट बघत उभे होते. शाळेतल्या पोरींपासून पिकल्या मिशांच्या बेकरीवाल्यापर्यंत सगळे एकाच रांगेत. कुणी पडलं की रांगेतले ओरडायचे, आणि तो उठला की दुप्पट ओरडायचे. आपल्या कुठल्याही कामावर लोकांना इतकं खूश झालेलं तिनं पाहिलं नव्हतं. नाल्याच्या काठी कोण टाळ्या वाजवणार?

रांगेतून तिच्याच वयाची एक बाई हेल्मेट काढत पुढे आली. ती दातांची डॉक्टरीण होती, आणि या मंडळींची म्होरकीही.

"तुम्ही नगरपालिकेच्या ना? तीन वर्षं अर्ज करतोय आम्ही!"

"तुम्ही स्वतः खेळता?" मॅडमच्या तोंडून निघून गेलं.

"खेळते. आणि इथं पडलेले दात संध्याकाळी दवाखान्यात परत बसवते. दोन्हीकडून माझीच चांदी." डॉक्टरीण हसली आणि मागं वळून हाक मारली, "ए खरचटे, इकडे ये! मॅडमना सांग काय काय पाहिजे ते."

खरचटी म्हणजे कॉलेजात जाणारी एक काटकुळी मुलगी. तिच्या कोपरांवर, गुडघ्यांवर, हनुवटीवर कायम कुठलं तरी ताजं खरचटलेलं असायचं, म्हणून हे नाव. फळीवर तिचा हात धरणारं तिथं कुणी नव्हतं. ती एका दमात म्हणाली, "बाऊल पाहिजे. म्हणजे मोठा, गोल, खोल, पोहण्याचा हौद असतो ना तसा. पण कोरडा. एका काठानं आत सुटायचं, दुसऱ्या काठाला वर यायचं, न थांबता."

"कोरडा हौद," मॅडमनी वहीत लिहून घेतलं. हे सोपं आहे, असं तिला वाटलं. खड्डा, बाजूंना उतार, तळाला पाणी जायला भोक. असली कामं ती झोपेतसुद्धा करू शकली असती.

तीन आठवड्यांनी तिनं सभागृहात नकाशा टांगला. मोजमापं चोख, रंग सुबक, कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. खेळणारे चाळीस जण नकाशाकडे बघत राहिले. शेवटी खरचटीनं हात वर केला.

"मॅडम, छान आहे. पण हे गटार आहे."

सभागृह खो खो हसलं. मॅडमचे कान तापले. तिनं नकाशाकडे वळून पाहिलं, आणि खरंच की! तिरक्या बाजू, सपाट तळ, जिथं बाजू तळाला मिळते तिथं ठसठशीत कोपरा. एकोणीस वर्षांच्या हाताला दुसरं काही येतच नव्हतं.

दुसरी कुणी असती तर फाईल बंद करून बसली असती. ती मात्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडीऐवजी जुना सलवार-कमीज घालून पार्कमध्ये हजर झाली. "मला उभं करा या फळीवर," ती डॉक्टरिणीला म्हणाली. "चाकाला काय वाटतं ते कळल्याशिवाय मी रेघ मारणार नाही."

चाकाला काय वाटतं ते कळायच्या आधी जमिनीला काय वाटतं ते कळलं. पहिल्या दहा मिनिटांत ती चार वेळा बसली, तीही धप्पकन. पाचव्या वेळी डॉक्टरिणीनं दोन्ही हात धरले, खरचटीनं पाठीमागून हलकेच ढकललं, आणि फळी सरकली. डॉक्टरिणीनं हात कधी सोडले ते तिला कळलंच नाही. पंधरा पावलं असेल तेवढं अंतर. वारा असा काही नव्हताच, पण तिला कानाशी वारा लागला. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ती चारचौघांत "अगं आई गं!" म्हणून किंचाळली, आणि रांगेतले तीसच्या तीस जण तिच्यासाठी ओरडले.

मग उताराच्या पायथ्याशी फळी कोपऱ्यात अडकली, ती पुढे झेपावली आणि तिचाही गुडघा सोलवटला.

"कळलं?" खरचटीनं विचारलं.

"कळलं," ती गुडघा फुंकत म्हणाली. "पाण्याचंही असंच असतं गं. कोपरा आला की पाणी अडखळतं आणि बरोबरचा गाळ तिथंच टाकून जातं. वळण गोल असलं तर सगळं घेऊन पुढं जातं. इतकी वर्षं मला हे माहीत आहे, आणि तरी..." ती स्वतःशीच हसली. "बाजू अशी उतरवायची की ती संपली कुठं आणि तळ लागला कुठं हे चाकाला कळताच कामा नये."

पुढच्या रविवारी तिनं पार्कच्या कडेला एक गाडी ओली वाळू ओतून घेतली. "करा तुमचा हौद," ती म्हणाली. चाळीस जण गुडघ्यांवर बसले. कुणी वाळू थापली, कुणी खरवडली, बेकरीवाल्यानं कणीक मळणाऱ्या हातांनी असे गुळगुळीत काठ काढले की सगळे बघत राहिले. मग खरचटीनं काचेची गोटी काठावरून सोडली. गोटी खाली आली, तळातून गेली, समोरच्या काठाशी चढली, वळली, परत आली. जिथं अडखळली तिथं वाळू पुन्हा थापायची. दुपारपर्यंत गोटी एका दमात नऊ फेऱ्या मारायला लागली. मॅडमनी फूटपट्टी काढली आणि मापं उतरवून घेतली. या वेळच्या नकाशाला सभागृहात टाळ्या मिळाल्या.

नियमाप्रमाणे नकाशा महिनाभर फलकावर लावला, हरकती मागवल्या. एकच आली.

"सदर विस्तारामुळे झाडाखालील तीन बाक नष्ट होत असून आम्ही खालील सही करणारे सात ज्येष्ठ नागरिक त्याचा तीव्र निषेध करीत आहोत."

अक्षर पाहताच ती खुर्चीत ताठ झाली. सिमेंटची पोती एकमेकांना टेकवून ठेवावीत तशी ती अक्षरं तिनं आयुष्यभर पाहिली होती. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर, सामानाच्या यादीवर, फ्रीजला चिकटवलेल्या निरोपांवर. पहिली सही तिच्या बाबांची होती.

बाबा गवंडी होते. पस्तीस वर्षं त्यांनी पाण्याच्या गोल टाक्या बांधल्या होत्या, म्हणून मित्र त्यांना टाकीवाले म्हणत. आता चौऱ्याहत्तरीत गुडघ्यांनी संप केल्यामुळे ते रोज सकाळ-संध्याकाळ पार्कमधल्या बाकावर सहा मित्रांबरोबर बसत. लेकीचं फळीवरून धप्पकन बसणंही त्यांनी तिथूनच पाहिलं होतं. घरात बापलेक दोघंच. त्या संध्याकाळी जेवताना तिनं विषय काढला.

"बाबा, आज माझ्याकडे एक पत्र आलंय."

"ऑफिसचं घरात नको," बाबा म्हणाले आणि ताटात बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ते इस्त्रीचा सदरा घालून नगरपालिकेत आले. शिपायानं ओळखून थेट आत न्यायला पाहिलं, तर ते म्हणाले, "माझा नंबर सतरावा आहे." सतरावा नंबर येईपर्यंत ते पाऊण तास बाहेर बसले.

"नमस्कार, मॅडम," आत येऊन ते म्हणाले. "आपण आमचं निवेदन वाचलं असेल."

"वाचलं. बसा, काका," ती म्हणाली. शेजारच्या कारकुनानं खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

"उभाच बरा आहे."

"काका, तुमचे बाक नष्ट होत नाहीयेत. पार्कच्या मागच्या बाजूला नवे बसवून देतोय. तिथं शांतता आहे. रोज तुमची तक्रार असते ना, या फळ्यांच्या आवाजानं डोकं उठतं म्हणून?"

"मागची बाजू!" बाबांचा 'आपण' तिथंच गळून पडला. "समोर गाड्या लावायची भिंत आहे गं तिथं! भिंतीकडे तोंड करून बसायला आम्ही काय शिक्षा झालेली पोरं आहोत?"

"मग तुम्हाला बघायला काय हवंय?"

बाबा खिडकीकडे बघत म्हणाले, "ती एक मुलगी आहे. कायम खरचटलेली. दांड्यावरून घसरत जाऊन फळी हवेत फिरवायला बघते. चार महिने झाले, जमत नाहीये तिला. पण परवा थोडक्यात हुकलं." त्यांनी तळहात फिरवून किती थोडक्यात ते दाखवलं. "आम्ही सातही जण उभे राहिलो होतो."

ती खुर्चीत मागं रेलली. रोज शिव्या घालायच्या आणि रोज पहिल्या रांगेत बसायचं! तिला हसू आवरेना. बाबांनाही मग आवरलं नाही.

नकाशा तिनं तिसऱ्यांदा काढला. या वेळी झाड आणि बाक जागच्या जागी ठेवले आणि हौदच त्यांच्याभोवती वाकवला, काजूगरासारखा. बाकांच्या पुढ्यात कठडा, बसल्याजागी सगळा तळ दिसेल असा. भीत भीत तिनं तो डॉक्टरिणीला दाखवला. डॉक्टरीण बराच वेळ बोटानं कागदावर फिरत राहिली.

"अहो मॅडम, हे वळण तर आधीपेक्षा झकास झालंय! इथून आत जाऊन झाडाला वळसा घालून तिकडून वर. कुणाला सुचलं हे?"

"सात ज्येष्ठ नागरिकांना," मॅडम म्हणाली.

काम सुरू झालं. खोदाई झाली, सळयांची जाळी बांधली गेली, काठावर लोखंडी नळी वाकवून बसवली. मग भिंतीला कोबा चढवायची वेळ आली आणि गाडं अडलं. ठेकेदाराचा मिस्त्री हातचा पक्का, पण जन्मभर जमिनी सपाट केलेला. पहिल्या भिंतीवरून खरचटीनं तळहात फिरवला आणि तोंड वाकडं केलं. गोटी सोडली तर ती दारुड्यासारखी झोकांड्या खात खाली आली. भिंत फोडावी लागली.

"मॅडम, आयुष्यभर सरळ करायला शिकलो," मिस्त्री घाम पुसत म्हणाला. "आता तुम्ही म्हणता वाकडं कर. बरं करतो. तर म्हणता वाकडंसुद्धा सरळ कर!"

बाकांवरून सात जण हे सगळं बघत होते. त्यातल्या एकाला बघवत नव्हतं. "अरे पट्टी कसली धरतोस, फर्मा धर, फर्मा!" "अरे आत्ता नको घोटू, ओलं आहे!" बाबांचा आवाज दिवसभर येत होता. मिस्त्री बिचारा ऐकून न ऐकल्यासारखं करत होता.

त्या संध्याकाळी तिनं बाबांपुढे चहा ठेवला. "बाबा, उद्यापासून साईटवर याल का? मिस्त्रीला दाखवायला?"

बाबांनी चहाचा घोट घेतला. "ऑफिसचं घरात नको. रीतसर अर्ज द्या."

तिनं कागद घेतला आणि तिथंच जेवणाच्या टेबलावर लिहिला. "माननीय टाकीवाले यांस, गोल भिंती घोटण्याच्या कामी आपल्या अनुभवाची नितांत गरज असून..." बाबांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, एक वेलांटी दुरुस्त केली आणि खाली लिहिलं, "विचाराधीन."

सकाळी ती उठली तर बाबांची खोली रिकामी. साईटवर पोचली तेव्हा ते एका पालथ्या बादलीवर बसून प्लायवूडचा फर्मा कापून घेत होते. हौदाच्या भिंतीला जेवढी गोलाई हवी नेमकी तेवढ्याच गोलाईचा, माणसाएवढा उंच. शेजारी फडक्यात गुंडाळलेला, सिमेंट घोटायचा त्यांचा जुना गुरमाळा होता, मूठ झिजून त्यांच्याच बोटांच्या आकाराची झालेली.

"वरची नळी आणि खालची पट्टी, या दोघांना टेकवून हा फर्मा ओढत न्यायचा," ते मिस्त्रीला सांगत होते. "जास्तीचं तो कापतो, कमी पडेल तिथं तू भर. आणि मग थांबायचं. अंगठा टेकव. ठसा उमटला पण सिमेंट बोटाला लागलं नाही, की सुरू. सिमेंटला घाई चालत नाही आणि उशीरही खपत नाही. एकदा हात सुरू झाला की मध्ये थांबायचं नाही. थांबलास तिथं डाग."

पाच दिवसांत भिंती उभ्या राहिल्या. मिस्त्री हुशार होता. तिसऱ्या दिवसापासून तो बाबांच्या शब्दाआधीच अंगठा टेकवायला लागला. पण झाडाभोवतालचं ते दुहेरी वळण बाबांनी कुणाला दिलं नाही. शिडीवरून त्यांना खाली उतरवलं, बादली तळाला ठेवली, आणि सकाळभर ते त्या वळणावर गुरमाळा फिरवत राहिले. खांद्यापासून मनगटापर्यंत एकच लांब हात, डावीकडून उजवीकडे. त्यांची बादली सरकवायला मिस्त्री स्वतः उभा होता. बाकांवरचे सहा जण त्या दिवशी चक्क गप्प होते. ती काठावरून बघत होती. लहानपणी बाबा कामावरून येत तेव्हा त्यांच्या केसांत सिमेंट असायचं एवढंच तिला आठवत होतं. ते काय करतात ते तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

वळण झालं. लोकांनी शिडी कधीच दुसऱ्या टोकाला नेली होती. बाबा उठले, आदल्या दिवशी त्यांनीच हात फिरवलेल्या, आता टणक झालेल्या भिंतीवर दोन पावलं चढले आणि हळूच परत तळाला घसरले. पुन्हा चढले, पुन्हा घसरले.

"काय टाकीवाले!" बाकावरून हाक आली. "स्वतःच्याच टाकीत बुडालात की!"

"अरे हसता काय, शिडी आणा!" बाबा खालून ओरडले, पण त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. आपण घोटलेल्या भिंतीवर आपलाच पाय ठरत नाही, याहून मोठं प्रशस्तिपत्रक गवंड्याला दुसरं कोणतं?

तीन आठवडे गोणपाटं टाकून सगळ्यांनी आळीपाळीनं पाणी मारलं. डॉक्टरिणीनं फळ्यावर पाळ्या लावल्या होत्या, आणि ज्येष्ठ नागरिकांनी सकाळच्या सगळ्या पाळ्या बळकावल्या. शेवटी मॅडमनी हौदात टँकर सोडून बघितला. पाणी गोल फिरलं, तळाच्या भोकाशी जमलं आणि अकरा मिनिटांत एक थेंब मागं न ठेवता निघून गेलं. तेवढ्यापुरती ती पुन्हा नाल्याची मॅडम झाली आणि खूश झाली.

उद्घाटनाच्या दिवशी साहेबांनी फीत कापली आणि भाषणाला सुरुवात केली, पण ऐकायला कुणी थांबलं नाही. खरचटी काठावर उभी होती. तिनं फळीचं टोक दाबलं आणि ती आत सुटली. चाकांचा एकसारखा घोंगावणारा आवाज खाली गेला, झाडाभोवती वळला, वर चढला. बाबांनी डोळे मिटून घेतले होते. ते ऐकत होते. आवाज पुन्हा फिरून आला आणि पलीकडच्या भिंतीवर बारीकसा 'टक्' झाला.

"तो माझा नाही," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "तो पहिल्या दिवसाचा, मिस्त्रीचा."

मग एकामागून एक सगळे आत उतरले. डॉक्टरीण, बेकरीवाला, शाळेतल्या पोरी. आता ती तीस जणांची रांग उरली नव्हती. दहा जण बाऊलमध्ये, दहा जुन्या उतारांवर, बाकीचे नव्या दांड्यांवर. तिकडे एका दांड्यावर खरचटी घसरत गेली, फळी हवेत फिरली आणि दोन्ही पायांखाली येऊन जमिनीला लागली. तिला स्वतःलाच खरं वाटेना. सात म्हातारे मात्र उभे राहून असे ओरडले की साहेबांचं भाषण होतं तिथंच संपलं.

ऊन कलल्यावर ती बाबांच्या शेजारी बाकावर येऊन बसली.

"पस्तीस वर्षं टाक्या घोटल्या," बाबा हौदाकडे बघत म्हणाले. "आतून आरशासारख्या. मग पाणी भरायचे आणि वर झाकण. कुणी पाहिलं नाही गं कधी. मीसुद्धा नाही." त्यांनी बोटानं आत दाखवलं. "इथं बघ की. दिवसभर माणसं फिरतायत आत."

तिच्याही कामावर झाकणंच होती. ती त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसून राहिली. तेवढ्यात काठावरून डॉक्टरिणीनं हाक मारली, "अहो मॅडम, येताय ना? उथळ बाजू मोकळी आहे!"

तिनं खांद्यावरच्या पिशवीतून हेल्मेट काढलं आणि पिशवी बाबांच्या मांडीवर ठेवली. "एवढी धरा जरा."

"पडशील," बाबा म्हणाले.

"पडणारच आहे," ती म्हणाली, आणि हेल्मेटचा पट्टा आवळत दोन शाळकरी पोरींच्या मागं जाऊन उभी राहिली.